दोनशे चाळीस भोकं

पन्हाळीचा पाइप होता तो, जस्ताचा,
पाच मीटरला दोन विती कमी.
लमारा बाईंनी त्याला एका ओळीत
दोनशे चाळीस भोकं पाडली,
प्रत्येक भोकावर बिअरच्या डब्याचा पत्रा डकवला
आणि तो दहा नंबरच्या सुईने टोचला.
सुया अकरा मोडल्या.
भिंग नाही, मोटर नाही, चावी नाही.
आत काळोखात ताणलेली फिल्म,
बंद पडलेल्या स्टुडिओच्या गोदामातली,
मुदत कधीच उलटलेली.

"सिनेमात सेकंद एकामागून एक येतात," त्या म्हणाल्या,
"पावाच्या रांगेतल्यासारखे, ढकलत.
मला दहा सेकंद असे हवेत
जे सगळे एकदमच आले.
रस्ता सरकेल,
घड्याळ जागचं हलणार नाही."

मी नऊ वर्षांचा. मला ओ की ठो कळलं नाही.

तिबिलिसीत, सोलोलाकीच्या चढावर,
आमच्या सामायिक लाकडी सज्जाच्या कठड्याला
पाइप सुतळीने बांधला. वरून काळी चादर.
डावं टोक एतेरी मावशींकडे, उजवं माझ्याकडे.
उचलायची, चाळीस मोजायचे, सोडायची.
एवढंच.

ढगाळ सकाळ.
उचलली.
रस्त्यावर जे चालत होतं ते भोकांना दिसत नव्हतं:
टरबुजांचा टेम्पो, पोस्टातली बाई,
आमच्या शाळेचे गणिताचे मास्तर, बगलेत कोंबडी धरून.
चालणारं पुसलं जात होतं.
उरत होती तुती,
भिंतीवरचा गॅसचा पिवळा पाइप,
आणि पायरीवर झोपलेलं कुत्रं,
पायरीइतकंच निवांत.

मी बाविसापर्यंत मोजलं.
तेवढ्यात वळणावरून लग्नाच्या गाड्या आल्या,
हॉर्नवर हॉर्न,
पुढच्या गाडीतून कंबरेपर्यंत बाहेर आलेला एक माणूस
मुठी भरभरून चॉकलेटं उधळतोय.
मी शहाणा. चादर टाकून नाही दिली,
कपडे वाळत घालायच्या खिळ्याला अडकवली
आणि जिन्यावरून धूम.

चाळिसाला एतेरी मावशींनी आपलं टोक सोडलं.
माझं खिळ्यावर. उघडंच.
मग लमारा बाई निघाल्या
डावीकडून उजवीकडे,
चादर ओढत, भोकामागून भोक झाकत,
एक हात कठड्यावर.
मी खालून पाहत होतो. तोंडात चॉकलेट होतं.

न्हाणीघरात, लाल दिव्याखाली,
कॉफीत धुण्याचा सोडा कालवून
त्यांनी फिल्म धुतली. आठवडाभर
टॉवेलांना त्याचा वास येत होता.
मग तळघरात पलंगपोसाचा पडदा,
सहा माणसं, घरघरणारा प्रोजेक्टर.
दहा सेकंद.
रस्ता तिन्हीसांजेला सुरू झाला,
तुतीपाशी फटफटलं,
आणि उजव्या टोकाला एवढा उजेड
की भिंती त्यात साखरेसारख्या विरघळल्या.

"मध्येच उडी कसली मारली त्याने?"
एतेरी मावशींनी विचारलं.
"एकशे छप्पन्नावं भोक," लमारा बाई म्हणाल्या.
"तिथे माझा गुडघा अडकला.
आणि पुढचा सगळा उजेड"
(हात माझ्या डोक्यावर)
"ह्या गाढवाचा."

रागावल्या नाहीत. पुन्हा लावली.
बारा वेळा लावली.
बाराही वेळा एकशे छप्पन्नाला
त्यांनी आपल्याच गुडघ्यावर हात ठेवला,
घड्याळ आत शिरलं होतं ती जागा
चाचपून पाहावी तसा.

निगेटिव्ह आता माझ्याकडे आहे,
बिस्किटांच्या डब्यात, भेंडोळं करून.
दोनशे चाळीस चौकटींत मी कुठेच नाही;
पळणारा कसा असेल?
कुत्रं आहे.
खिडकीशी धरली तर शेवटची चौकट
जवळजवळ काळी दिसते,
निगेटिव्हमध्ये उजेड तसाच दिसतो.
तिच्यावर बोट ठेवतो
आणि राहिलेले मोजतो:
तेवीस,
चोवीस,